धुराड्याची नळी आणि छपराचा कठडा

(अभ्यासपाठ : मंडळ्यांतील अभ्यासवर्ग, महिला मंडळ व तरुण संघ यांच्यासाठी. वाचन : अनुवाद २२:८)



येत्या मे महिन्यात निरनिराळ्या मंडळ्यांतील तरुण पुन्हा सातपुड्यातील पाड्यांवर चुली बसवण्याच्या कामाला येणार आहेत. दरवर्षी त्यांच्या तयारीसाठी या अंकात आपण एक पाठ देतो. आजवरच्या पाठांत चूल कशी घालायची, माती कशी मळायची, भांड्याचे तोंड कसे मापायचे, हे सगळे येऊन गेले. धुराड्याच्या नळीबद्दल मात्र आपण दोन ओळींच्या पलीकडे कधी लिहिले नाही. नळी काय, उभी केली की झाली, असा आपला समज होता. तो समज किती महागात पडला असता हे आधी सांगतो आणि मग कामाकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी एका पाड्यावर आमच्या चमूने एका आजींच्या घरात दोन भांड्यांची चूल घातली आणि कौलांतून नळी वर काढली. मीही त्या चमूत होतो. दोन कौले काढली, रिपांच्या मधून नळी घातली, भोवती कौलांचे तुकडे बसवले, प्रार्थना केली, फोटो काढला आणि संध्याकाळच्या गाडीने परतलो. पुढच्या फेब्रुवारीत भेटीला गेलो तेव्हा आजी म्हणाल्या, "दादा, चूल चांगली आहे, पण रात्री जळका वास येतो." वर चढून पाहिले. नळीला टेकलेली बांबूची रीप अंगठ्याएवढी आत कोळसा झाली होती. नळीभोवती गोणपाट आणि पळसाची पाने कोंबलेली होती आणि त्या गोणपाटाची आतली कड तपकिरी होऊन चुरत होती. गोणपाट कोणी कोंबले? आजींनीच. का कोंबले? कारण पहिल्याच पावसात नळीच्या कडेने पाणी थेट चुलीवर गळू लागले होते. आणि ते पाणी का गळत होते? कारण आम्ही नळीच्या गळ्यात पत्र्याची झालर बसवली नव्हती. सोबत आणली नव्हती, एवढेच त्याचे कारण.

घर पेटले नाही ही देवाची दया. पण त्या घरात तेव्हा सहा माणसे झोपत होती, हे मला अजून आठवते.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक छोटा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा; न केल्यास आणि कोणी तिथून पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. त्या काळी लोक धाब्यावर झोपत, धान्य वाळवत, पाहुण्यांना बसवत. म्हणून कठडा. आपण हा नियम वाचतो आणि जुन्या करारातील एक किरकोळ आज्ञा म्हणून पुढे जातो. माझ्या मते देवाच्या प्रीतीचा इतका व्यावहारिक पुरावा शास्त्रात फार थोड्या ठिकाणी आहे. कोणी पडेपर्यंत हा नियम थांबत नाही. पडणारा निष्काळजी होता का, असेही तो विचारत नाही. बांधणाऱ्याला विचारतो. आजींनी गोणपाट कोंबले ही आजींची चूक म्हणता येत नाही, ती याच कारणाने. छप्पर आम्ही उघडले होते. कठडा आम्हीच घालायचा होता.

मुळात हे काम आपण का करतो, हे नव्या वाचकांसाठी थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. लहान मुलांचा न्यूमोनिया, बायकांचा दमा व फुप्फुसांचे जुनाट आजार, हृदयविकार, पक्षाघात, या सगळ्यांत या धुराचा हात आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, पाड्यांवरही सिलिंडर पोहोचले. पण भरलेला सिलिंडर डोंगरावर आणायचा खर्च आणि जंगलात फुकट मिळणारे लाकूड यांची तुलना प्रत्येक बाई रोज करते. शिवाय तोरणमाळच्या बाजूला हिवाळ्यात थंडी कडक असते. घर ऊबदार ठेवायला आग लागतेच. तेव्हा चूल राहणार आहे, आणि चूल राहणार तर धूर बाहेर न्यावा लागणार.

हे काम नवे नाही, आणि ख्रिस्ती लोकांचा त्याच्याशी जुना संबंध आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा पाहत. ते ख्रिस्ती होते, गांधीजींचे सहकारी होते आणि येशूच्या शिकवणुकीवर त्यांनी पुस्तकही लिहिले. त्याच मगनवाडीतून 'मगन चूल' ही धुराड्याची चूल पुढे आली. १९५०च्या दशकात हैदराबादच्या इंजिनिअरिंग रिसर्च लॅबोरेटरीतील डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघराविषयी पुस्तिका लिहिली, ती छापली मद्रासच्या ख्रिश्चन लिटरेचर सोसायटीने. पुढे १९८०च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ साली तो बंद होईपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली. पुण्याच्या 'आरती' संस्थेची साच्यात घालायची 'लक्ष्मी' चूल याच परंपरेतली.

एवढ्या चुली गेल्या कुठे, हा प्रश्न आपल्याला टोचला पाहिजे. ओडिशात एका स्वयंसेवी संस्थेने बसवलेल्या धुराड्याच्या मातीच्या चुलींचा अर्थशास्त्रज्ञांनी चार वर्षे अभ्यास केला. सुमारे २६०० कुटुंबे होती. पहिल्या वर्षी श्वासातून आत जाणारा धूर कमी झाला, पुढे तो फरक उरला नाही. चुली फुटल्या, दुरुस्त झाल्या नाहीत, नळ्या साफ झाल्या नाहीत, लोक जुन्या चुलीकडे वळले. वर्गणी देणाऱ्या बंधुभगिनींनी ही गोष्ट मनात ठेवावी. चूल बसवल्याचा आकडा आणि धूर कमी झाल्याचा आकडा हे दोन वेगळे आकडे आहेत.

आता काम.

तरुणांनो, पाड्यावर पोहोचल्यावर आधी चुलीची जागा ठरवू नका. आधी वर पाहा. आढे कुठे आहे, वासे किती अंतरावर आहेत, माळा कुठवर आला आहे, मक्याची कणसे कुठे टांगली आहेत, धान्याची कणगी कुठे आहे. नळी सरळ उभी वर जाईल आणि तिच्या वाटेत लाकूड येणार नाही अशी जागा छपरात शोधा. तिथून ओळंबा खाली सोडा. ओळंबा जिथे टेकेल तिथे चुलीचे मागचे तोंड येईल. बाईच्या सोयीचा कोपरा आणि छपराचा सोयीचा भाग एकच असेल असे नाही, त्यामुळे तिच्याशी बोलून मधला मार्ग काढावा लागतो. या बोलण्याला अर्धा तास गेला तर जाऊ द्या. नळी आढ्याच्या जवळ, पण आढ्याला चिकटून नव्हे, अशी निघाली तर उत्तम. घराच्या आतील उबेत नळीचा जास्त भाग राहतो आणि बाहेर थोडीच काढावी लागते. पाखाडीच्या खालच्या टोकाला नळी काढली तर बाहेर तिचा लांब दांडा उभा करावा लागतो. तो वाऱ्याने हलतो आणि थंडही पडतो.

थंड पडण्याने काय बिघडते? गरम धूर हलका असतो म्हणून वर चढतो. नळी जितकी उंच आणि आतला धूर जितका गरम, तितकी ओढ जास्त. नळी थंड असली की धुरातील वाफ आणि डांबर आतल्या बाजूला जमते. हेच काळे, चिकट, पुढे काचेसारखे कडक होणारे थर. इंग्रजीत त्याला क्रिओसोट म्हणतात, आपण डांबर-काजळी म्हणू. ओले लाकूड, कोंडलेली आग आणि थंड नळी ही तिघे मिळून ती भराभर वाढवतात. आणि ती जळते. एखाद्या दिवशी मोठा जाळ केला की नळीतली काजळीच पेट घेते. नळीतल्या आगीचे तापमान १००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. रोजच्या स्वयंपाकाला चालणारी नळी त्या दिवशी टिकेल का, हा विचार करूनच ती बसवायची.

म्हणून नळी कशाची घ्यावी यात कंजुषी नको. पूर्वी सर्रास ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप वापरत. ते आपण वापरत नाही. ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसात कायमची बसते, आणि आगीच्या अगदी जवळ हे पाइप तडकतात. जुन्या घरात असा पाइप असला तर तो कोरडा कापू नका, फोडू नका, मिस्त्रींना सांगा. जस्ताचा पांढरा पत्रा वरच्या भागाला चालतो, पण आगीलगतच्या तोंडाला नको. फार तापला तर जस्ताची बाधक वाफ निघते. खालचे दोन-तीन फूट भाजलेल्या मातीचा नळ किंवा विटा-मातीचे धुराडे घ्यावे, त्यावर पत्र्याची नळी. कुंभाराकडून नळ करून घेतला तर पाड्याजवळच्या माणसाला चार पैसेही मिळतात. प्लॅस्टिकचा पाइप कोणी 'वरच्या टोकाला तरी लावू' म्हणून सुचवतेच. त्याला हसू नका, पण लावूही नका. रुंदीला आपण चार इंची नळी घेतो. तीन इंचीही चालते, सरकारी कार्यक्रमात तीच जास्त होती, पण ती लवकर तुंबते. चुलीच्या धूरमार्गापेक्षा नळी कुठेही अरुंद होता कामा नये.

उंची मोजताना चुलीपासून टोकापर्यंत दहा-बारा फूट धरा. याहून फार जास्त केली तर ओढ इतकी वाढते की जाळ भांड्याखाली न थांबता नळीत पळतो आणि लाकूड जास्त लागते. बायका हे दोन दिवसांत ओळखतात आणि नळीत चिंधी कोंबून ओढ कमी करतात. पुन्हा तीच चिंधीची गोष्ट. शक्य तिथे नळी सरळच न्या. वाकवावीच लागली तर निम्म्या काटकोनाचे, म्हणजे ४५ अंशांचे वळण द्या. आडवी नळी कधीही नको, तिच्यात राख साठते आणि धूर थबकतो.

सांध्याची एक गंमत आहे आणि इथे नवे हात हमखास चुकतात. कौले आपण अशी लावतो की वरचे कौल खालच्या कौलावर येते, म्हणजे पाणी बाहेरून घरंगळते. नळीचे उलट. वरच्या नळीचे निमुळते टोक खालच्या नळीच्या आत गेले पाहिजे. कारण इथे पातळ डांबर आतून खाली येते आणि ते आतल्या आत चुलीपर्यंत गेले पाहिजे. कौलासारखे जोडले तर प्रत्येक सांध्यातून काळे ओघळ भिंतीवर येतात, आणि ते ओघळ जळणारे असतात. दोन नळ्या एकमेकींत दोन-अडीच इंच बसाव्यात, प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू असावेत, आणि वरून चिकणमाती व राखेचा लेप द्यावा. नुसता लेप पुरत नाही. वाऱ्याने नळी हलते, लेप झडतो आणि सांधा उघडतो. नळीचे सगळे वजन चुलीवर देऊ नका. मध्ये एका ठिकाणी लोखंडी पट्टीने भिंतीला आधार द्या, पण पट्टी लांब ठेवा. कुडाची भिंत म्हणजे बांबू किंवा काठ्यांवर शेणमाती. ती आतून लाकूडच आहे, हे विसरू नका.

आता छपराचा भाग. पाठातला सर्वांत महत्त्वाचा हाच.

अमेरिकेत एकेरी पत्र्याची नळी आणि जळू शकणारी कोणतीही वस्तू यांत १८ इंच अंतर ठेवण्याचा नियम रूढ आहे. १८ इंच म्हणजे आपला एक हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. नोहाच्या तारवाचे आणि निवासमंडपाचे माप याच 'हाता'ने दिले आहे. टेप विसरला तरी हे माप विसरणार नाही. नळीपासून चारही बाजूंना एक हात मोकळा असला पाहिजे. रीप असो, वासा असो, माळ्याची फळी असो, टांगलेली कणसे असोत, सगळे हातभर लांब. कोणी म्हणेल की चुलीची नळी एवढी तापत नाही. रोज तापत नाही हे खरे. पण वर्षानुवर्षे तापत राहिलेले लाकूड आतून सुकत, काळवंडत जाते आणि मग ताज्या लाकडापेक्षा कमी उष्णतेला पेट घेते. आजींच्या घरातली रीप पहिल्या वर्षीच तिथवर पोहोचली होती.

हातभर अंतर पाळायचे म्हणजे छपराला तीन फुटांहून थोडे मोठे चौकोनी भोक पडते. बहुतेक घरांत त्यासाठी एक वासा मध्येच कापावा लागतो. तो तसाच अधांतरी सोडायचा नाही. शेजारच्या दोन वाशांना आडवी लाकडे ठोकून त्याची टोके त्यांवर टेकवायची. हे काम मिस्त्रींचेच, स्वयंसेवकांचे नाही. भोकावर चार फूट लांब-रुंद पत्रा येतो, खाली दोन लोखंडी पट्ट्या, पत्र्याच्या मधोमध नळीचे छिद्र. पत्र्याची वरची कड वरच्या कौलांच्या खाली सरकवायची आणि खालची कड खालच्या कौलांच्या वर ठेवायची. उलट झाली तर सगळा पाऊस घरात. मग छिद्राच्या थोडे वर नळीच्या गळ्यात पत्र्याची झालर घट्ट बसवायची, छत्रीसारखी उतरती. नळीवरून वाहत आलेले पाणी तिच्यामुळे छिद्राच्या बाहेर पडते. आम्ही विसरलो होतो ती हीच. छिद्र सिमेंटने घट्ट बुजवू नका. तापल्यावर नळी वाढते, सिमेंट तडकते. आणि गोणपाट, काथ्या, गवत, पाने यांतले काहीही तिथे कोंबायचे नाही, हे घरच्या सगळ्यांना दाखवून सांगा, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत. गळायला लागले तर आम्हाला निरोप द्या, हेही सांगा आणि निरोप आला की जा.

वासा कापणे शक्य नसलेल्या घरांत नळीभोवती विटांचा चौकोनी खांब छपराबाहेर नेता येतो. तो जड असतो, पाया लागतो, खर्च वाढतो. अशी घरे थोडी असतात आणि त्यांचा निर्णय मिस्त्रींवर सोडावा.

गवताच्या किंवा पानांच्या छपरातून नळी काढायची नाही. इथे मला काही मंडळ्यांतील बंधूंशी मतभेद करावा लागतो. सर्वांत गरीब घर तेच, मग तिथेच आपण नाही कसे म्हणायचे, असा त्यांचा प्रश्न आहे आणि तो प्रेमाचा प्रश्न आहे. पण नळीतून ठिणगी निघते, आणि मार्चअखेरच्या सुकलेल्या गवतावर एक ठिणगी पुरते. एक घर पेटले की शेजारची चार पेटतात. अशा घरात आपण आधी छपराचा भाग कौलांचा किंवा पत्र्याचा करण्यासाठी मदत करतो, तोवर चूल ओसरीवर घेतो किंवा भिंतीला वरच्या बाजूला झरोका काढून देतो. यात एखादे वर्ष जाते. जाऊ द्यावे.

छपराबाहेर नळी किती काढायची? रूढ नियम असा की छपरातून निघते तिथून निदान तीन फूट, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल, आढे, शेजारची भिंत, त्याहून दोन फूट वर. आढ्याखाली टोक राहिले तर वारा आढ्यावरून खाली आपटतो आणि धूर घरात परत येतो. एका घरात असेच झाले आणि घरधन्याने नळी उपसून शेतात पाटाचे पाणी वळवायला लावली. आम्ही गेलो तेव्हा ती तिथे छान काम करत होती. टोकाला टोपी हवी, पावसासाठी आणि पाखरांसाठी, पण टोपी आणि नळी यांत निदान नळीच्या रुंदीएवढी फट ठेवा. बारीक जाळी लावू नका, काजळीने ती महिन्यात बंद होते.

बंद नळीचा धोका नुसत्या डोळे चुरचुरण्याचा नाही. हिवाळ्यात रात्री चुलीत निखारे राहतात, दार लावलेले असते. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, धुरासारखा तो खोकला आणत नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. सकाळी घरातल्या सगळ्यांचेच डोके दुखत असेल तर तो ताप समजू नये. सगळ्यांना बाहेर काढावे, दारे उघडावीत, उशीर न करता दवाखाना गाठावा आणि नळी तपासल्याशिवाय पुन्हा चूल पेटवू नये. आणि नळी कितीही चांगली असली तरी भिंतीच्या वरच्या भागात एक झरोका कायम उघडा राहिला पाहिजे.

साफसफाईसाठी नळीच्या तळाशी हाताचा पंजा जाईल एवढे तोंड ठेवा आणि ते पत्र्याच्या झाकणाने किंवा मातीच्या गोळ्याने बंद करा. हे तोंड नसेल तर नळी कोणी साफ करत नाही, कारण करणारा वरून काजळी पाडतो ती सगळी चुलीच्या आत अडकते. साफ करायला बाजारातला ब्रश लागत नाही. दोरीच्या मध्यावर काथ्याचा घट्ट बोळा बांधायचा, खालच्या टोकाला दगड. वरून सोडायचा, एकाने वर ओढायचे, एकाने खाली. पावसाळ्यात ओले लाकूड जळते तेव्हा महिन्यातून एकदा, एरवी दोन महिन्यांतून एकदा. काजळी बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढी जाड दिसली तर तारखेची वाट पाहू नये. छपरावर चढायला घरातला कोण आहे, हे बसवतानाच विचारा. घरात फक्त म्हातारी आणि नातवंडे असतील तर पाड्यावरचा एखादा तरुण नावानिशी ठरवून घ्या.

कधी नळीत आग लागलीच तर ती ओळखू येते. नळी घरघरते, लांबून गाडी येत असल्यासारखा आवाज होतो, टोकातून ज्वाळा किंवा ठिणग्या दिसतात. पहिले काम, सगळ्यांना बाहेर काढणे. मग चुलीतले लाकूड ओढून बाहेर घ्यावे, चुलीचे तोंड व वैलाचे तोंड ओल्या गोणपाटाने किंवा ओल्या मातीने बंद करावे, म्हणजे हवा तुटते. नळीत पाणी ओतू नये. तापलेल्या नळीत त्याची एकदम वाफ होते, नळी तडकते आणि ओतणारा भाजतो. पाणी असेल तर ते भोवतालच्या छपरावर मारावे. आग विझल्यावरही तास-दोन तास रिपा आणि वासे हाताने चाचपत राहावे.

एक आक्षेप पाड्यावर दरवेळी निघतो आणि तो खोटा नाही. बाया म्हणतात, धूर गेला तर बियाण्याला कीड लागेल आणि बांबूला भुंगा लागेल. चुलीवर धुरात टांगलेली कणसे खरोखर टिकतात, धुराने काळे झालेले छप्पर खरोखर किडत नाही. आपण धूर काढून घेतो तेव्हा त्यांचे एक जुने औषधही काढून घेतो. मागे एका शहरी पाहुण्याने हे ऐकून अंधश्रद्धा म्हटले, मला फार वाईट वाटले. बियाण्यासाठी राख किंवा कडुनिंबाचा पाला वापरायची रीत त्यांच्याकडेच आहे, ती पुन्हा चालू करता येते. बियाणे धरायच्या दिवसांत ओसरीवर तीन दगडांची चूल काही दिवस पेटवून त्यावर कणसे टांगली तरी चालते. बांबूचा प्रश्न कठीण आहे. नवा बांबू पाण्यात भिजत ठेवून मग वापरला तर कीड कमी लागते, पण जुन्या छपराला त्याचा उपयोग नाही. तिथे दरवर्षी रिपा तपासणे एवढेच.

शेवटी पहिला जाळ. चूल घातल्यावर माती पुरती वाळू द्या. परतीच्या गाडीची घाई म्हणून ओल्या चुलीत जाळ करू नका. पहिल्यांदा नळीच्या तळाच्या तोंडात मूठभर सुके गवत पेटवा, नळी गरम होऊन ओढ धरते. मग चूल पेटवा. शेजारी पाण्याची बादली ठेवा. तासभर चांगला जाळ चालू द्या आणि मग वर चढून नळीच्या सर्वांत जवळच्या लाकडावर तळहात ठेवा. हात आरामात टेकून राहिला पाहिजे. चटका बसून काढावा लागला तर काम पुरे झालेले नाही, मग बाहेर गाडी कितीही हॉर्न वाजवो. खाली आल्यावर मुलांच्या उंचीपर्यंत नळीला मातीचा जाड लेप द्या, चालायला शिकणारे पोर आधाराला नळीच धरते.

या वर्षी एका चुलीमागे लागणारी वर्गणी वाढली आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. चुलीची माती पूर्वीइतकीच स्वस्त आहे. वाढ आहे ती पत्र्याची, आडव्या लाकडांची, झालरीची, मिस्त्रींच्या दिवसाची आणि पावसानंतरच्या दुसऱ्या फेरीची. याचा अर्थ तेवढ्याच पैशांत चुली कमी होतील. कार्यकारी मंडळात यावर बरीच चर्चा झाली आणि कमी चुली, पण दुसरी फेरी नक्की, असे ठरले. ज्या मंडळ्यांनी हंगामाच्या सणाची वर्गणी या कामासाठी ठेवली आहे त्यांनी ऑक्टोबरच्या फेरीसाठीही दोन-दोन माणसे द्यावीत. चढता येणारी असावीत आणि काजळीने कपडे खराब होतील याची तयारी असावी.

आजींच्या घरची नळी त्या फेब्रुवारीतच आम्ही उतरवली. पावसाच्या आधी मिस्त्री जाऊन वासा कापून, पत्रा टाकून, झालर बसवून आले. जळकी रीप मी मागून घेतली. ती आता कार्यालयात दाराशी ठेवली आहे. मेच्या शिबिराला येणाऱ्यांनी आधी ती हातात घेऊन पाहावी.